तीन पॉइंट दोन

"तीन पॉइंट दोन म्हंजी गाईचंच धरा की राव!" समोरच्या दुकानातून कुणीतरी ओरडलं, चारजण हसले, आणि दस्तगीरच्या हातातला पेचकस घसरून बोटात घुसला.

आळेफाट्यावर समोरासमोर दोन कॉम्प्युटरची दुकानं होती. अलीकडचं दस्तगीरचं, नऊ वर्षांचं. पलीकडचं गोरखचं, अजून वर्षही न झालेलं. दुकान काढण्याआधी गोरख गावच्या डेअरीत दुधाची फॅट काढायचा, आणि दस्तगीरला सगळ्यात जास्त खुपायचं ते हेच. परवापरवापर्यंत दूध तपासणारा माणूस, तो आता लोकांना कुठला गेम घ्यावा ते सांगत होता.

बरं, सांगत तरी काय होता? दोन हजार सात साली आलेल्या नव्या विंडोजमध्ये एक सोय होती. कॉम्प्युटर आपला आपणच तपासून स्वतःच्या ताकदीचा एक आकडा दाखवायचा, एकपासून पाच पॉइंट नऊपर्यंत. गोरखनं प्रत्येक गेमच्या खोक्यावर स्केचपेननं मोठा आकडा लिहून टाकला. तुमचा आकडा तेवढा किंवा जास्त असला तर घ्या, नसला तर परत ठेवा. लोकांना हे समजावून सांगायचीही वेळ आली नाही. दोन्ही वेळा डेअरीच्या पावतीवर फॅट वाचणारी माणसं ती. साडेतीन म्हणजे गाय, सहाच्या वर म्हैस. "तुमच्या कॉम्प्युटरची फॅट किती?" असं ती एकमेकांना एसटीच्या थांब्यावर विचारायला लागली.

याआधी हे सगळं दस्तगीरला विचारावं लागे. गिऱ्हाईक गेमची सीडी घेऊन उभं राही. दस्तगीर तीन प्रश्न विचारी, क्षणभर डोळे मिटी आणि सांगे, "चालंल, पर अडकत चालंल." नाहीतर, "ऱ्हाऊ द्या, पैसं वाया जातील." नऊ वर्षांत त्याचा शब्द एकदाही खोटा पडला नव्हता. डोळे मिटायची तशी काही गरज नसायची, पण त्या क्षणभरात समोरचा माणूस श्वास रोखून उभा राहतो हे त्याला फार आवडायचं. आता तो दिवसच्या दिवस डोळे उघडे ठेवून समोरची गर्दी बघत बसे आणि आतल्या आत जळत राही.

मधे बेल्ह्याच्या एका गवळ्याची फजिती झाली. त्याच्या कॉम्प्युटरचा आकडा दोन. गाईच्या दुधात म्हशीचं ओतलं की फॅट वाढते, या हिशेबानं त्यानं गोरखकडून भारीतली मेमरी नेऊन बसवली. आकडा दोनचा दोनच! यंत्रातल्या सगळ्यात कमजोर भागाचा जो आकडा, तोच सगळ्या यंत्राचा. त्याचं गेमचं कार्डच मरतुकडं होतं. ही गोष्ट दस्तगीरनं चहावाल्यापासून वडापच्या जीपवाल्यापर्यंत सगळ्यांना रंगवून सांगितली. पण गोरखनं मेमरी बिनबोभाट परत घेतली, कमजोर भाग दाखवून दिला, आणि गवळी त्याच्याकडूनच कार्ड घेऊन गेला. वर दस्तगीर भेटल्यावर गोरख म्हणाला, "दस्तगीरभाऊ, आकडा खोटा न्हाई, पर पुराबी न्हाई. अवघड गिऱ्हाईक आलं तर तुमच्याकडंच धाडीन." हे ऐकून दस्तगीरचा नुसता तिळपापड झाला. वाईट वागला असता तर बरं, असं त्याला वाटलं.

"क्यूं जलते जी उस गोरख पे?" अनवरीनं, त्याच्या बायकोनं, जेवताना विचारलं. तो ताटावरून उठला.

अशा दिवसांत निमगाव सावाचा गेणूभाऊ दुकानात आला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पोरीसाठी, वृषालीसाठी, दस्तगीरनंच एकेक सुटा भाग निवडून कॉम्प्युटर जोडून दिला होता. नवी विंडोजही त्यानंच टाकली होती. आकडा मात्र मुद्दाम दाखवला नव्हता. वृषालीला अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि बापानं तिला गाड्यांच्या शर्यतीचा गेम कबूल केला होता.

"पोरीनं आकडा हुडकून काढला," गेणूभाऊ म्हणाला. "तीन पॉइंट दोन. गोरखच्या खोक्यावर तीन लिव्हलंय. त्यो म्हनतो, चालंल. पर मी म्हनलं, आदी दस्तगीरभाऊला इचारू."

दस्तगीरला डोळे मिटायचीसुद्धा गरज नव्हती. त्या यंत्राचा स्क्रू न् स्क्रू त्याला पाठ होता. गेम लोण्यासारखा चालला असता. पण 'चालंल' म्हणणं म्हणजे गोरखच्या स्केचपेनवर आपण शिक्का मारणं. त्यानं डोळे मिटले, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ.

"न्हाई चालणार," तो म्हणाला. "मशीन थकलंय आता."

गेणूभाऊनं मान हलवली. 'बरं' म्हणून तो निघाला. त्या संध्याकाळी दस्तगीर खुशीत घरी गेला, दोन भाकरी जास्त जेवला.

सोमवारी त्यानं पाहिलं, तर गेणूभाऊ गोरखच्या दुकानातून नवं खोकं जीपच्या टपावर चढवत होता. त्याला पाहून तो हसत जवळ आला. "तुमी म्हनला मशीन थकलं, म्हनून मोडीत देऊन टाकलं. पोरीचं कालेज सुरू झालंय, तुमाला जोडाया पंदरा दिस लागत्यात. राग मानू नगा."

गोरखची एक पद्धत होती. बदल्यात आलेलं यंत्र तो रस्त्याकडे तोंड करून मांडी, त्यावर आकडा चिकटवी आणि गेम चालू करून ठेवी. बुधवारी दस्तगीरनं शटर वर केलं तर समोर त्याचंच यंत्र. वर तीन पॉइंट दोन. पडद्यावर लाल गाडी वळणावळणानं सुसाट पळत होती. कुठं म्हणून अडकत नव्हती.

दुपारी गेणूभाऊ गोरखकडे एक वायर न्यायला आला आणि त्या यंत्रापुढं थबकला. कॅबिनेटवर वृषालीनं लावलेली टिकली अजून तशीच होती. तो बराच वेळ लाल गाडीकडे बघत राहिला. गोरख आत गिऱ्हाइकात होता. वायर घेऊन गेणूभाऊ सरळ जीपकडे चालू लागला.

दस्तगीरनं रस्ता ओलांडला. मागच्या ट्रकनं कर्कश हॉर्न दिला, त्याचं लक्ष नव्हतं. "गेणूभाऊ, मी खोटं बोललो. माझ्या पोटात दुखत व्हतं म्हनून बोललो. मशीन चांगलं व्हतं."

गेणूभाऊ जीपमध्ये मागच्या बाकावर बसला. चिडलेला दिसत नव्हता.

"आकडा मला बी वाचता येतो, दस्तगीरभाऊ. खोक्यावर तीन, आमचा तीन पॉइंट दोन. तरी तुमाला इचाराया आलो व्हतो."

जीपच्या पायरीशी खाली राहिलेली त्याची पिशवी आत द्यायला दस्तगीर वाकला.

"असू द्या," म्हणत गेणूभाऊनं ती स्वतःच वाकून उचलली आणि मांडीवर घेतली.

जीप भरायला अजून चार माणसं हवी होती. ती मिळेपर्यंत ड्रायव्हर निघणार नव्हता. गेणूभाऊ समोर बघत बसला होता, आणि दस्तगीर दुकान उघडं टाकून तसाच बाजूला उभा राहिला.