कानात सांगितलेलं

"मॅडम, कान इकडे करा," मुंगी म्हणाली आणि टाचा उंचावून कुजबुजली, "आज सर्व्हिस केली की दर वेळी नेटपर्यंत धावायचं."

अगं बाई, आजच सुचायचं होतं हे?

आमच्या टेनिस कोर्टवर प्रत्येक पोराला टोपणनाव आहे, आणि एक रिवाजही आहे. सराव सामन्याआधी प्रत्येकाने आज काय करून बघणार ते माझ्या कानात सांगायचं, आणि सामना संपला की समोरच्याने ते ओळखायचं. नाही ओळखलं, तर पुढच्या सामन्यात परत तेच करायचं, अगदी डोळ्यांत भरेल असं. नाहीतर ही पोरं नुसती चेंडू टोलवतात आणि 'मी जिंकलो, मी जिंकलो' करत नाचतात. शिकतात काय, डोंबल!

पण आज बाकावर मुंगीचे बाबा बसले होते. कुलपं दुरुस्त करण्याचं दुकान बंद ठेवून आले होते. आल्या आल्याच मला म्हणाले, "मॅडम, सारखी हरतेच आहे ती. आज हरली तर टेनिस बंद. उगाच पोरीला आशेला कशाला लावायचं?"

समोर होती खांब, मुंगीपेक्षा हातभर उंच. मुंगी मागे राहून नुसते चेंडू परतवत बसली असती, तर खांब कंटाळून चुकली असती. मला ते ठाऊक होतं, मुंगीलाही. 'आजच्या दिवस राहू दे गं,' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मलाच उत्सुकता लागली. बाप बघत असताना ही खरंच पुढे धावेल?

धावली. खांबने चेंडू डोक्यावरून घालवला. परत धावली, चेंडू बाजूने निसटला. एकदा मात्र तिने नेटजवळ असा अलगद टाकला की खांब बघतच राहिली. "वा गं वाघिणी!" मी ओरडलेच. पण सामना गेला तो गेलाच.

बाबा उठले. "चल, बॅग भर."

"थांबा हो, ओळखायचं राहिलंय," मी म्हणाले आणि त्यांना रिवाज सांगितला. खांबने तोंड उघडलं, तशी मुंगी म्हणाली, "तू नको. आज बाबा ओळखतील."

"त्यात काय ओळखायचंय? जिंकायचं होतं तुला."

"चूक! आता मला उद्या परत तेच खेळावं लागणार. हो ना मॅडम?"

"नियम म्हणजे नियम," मी हसू दाबत म्हणाले.

"फक्त उद्या," बाबा पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी ते बाकावर बसले नाहीत. कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभे राहिले. मुंगी नेटकडे धावली की त्यांचाही पाय पुढे पडायचा. या वेळी ती थोडक्यात हरली. मला फार वाईट वाटलं, कारण तिचा बेत आता आंधळ्यालाही कळला असता.

"ओळखा," मुंगी म्हणाली.

बाबांनी तिची बॅग उचलून स्वतःच्या खांद्याला लावली. मग नेटकडे एक नजर टाकली.

"छे बुवा," ते म्हणाले, "आजही नाही आलं लक्षात."