वर्षाची भवानी

आमच्या ताम कोक गावच्या नदीत नावा पायांनी वल्हवतात. मागे रेलायचं, दोन्ही तळवे वल्ह्यांवर टेकवायचे आणि सायकल मारल्यासारखं मारत राहायचं. हात मोकळे राहतात, त्यात शिवणटिपण होतं, फोन होतो, भांडणही होतं. आमच्या नावेत वल्ही मी मारते. भांडणाचं काम आईकडे.

माझी आई न्हामबाई साठीची आहे आणि देवापेक्षा तिचा भवानीवर जास्त विश्वास. तेतचा सण झाला, नवं वर्ष लागलं, की नावेत पहिला उतारू जसा बसेल तसं अख्खं वर्ष जाणार. तो लठ्ठ हवा, हसरा हवा, जोडीने आलेला हवा आणि हात भरलेला हवा. गेल्या वर्षी आई तापाने झोपून होती आणि मी मागचापुढचा विचार न करता एका काटकुळ्या परदेशी माणसाला बसवलं. आमची नदी डोंगराखालच्या तीन गुहांतून जाते; पहिल्या गुहेत शिरलो तोच तो रडायला लागला, आणि तिसऱ्या गुहेतून बाहेर आलो तरी रडतच होता. त्या वर्षी आमची डुकरीण मेली, भात पाण्याखाली गेला आणि माझं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाला दुसरीच कोणी आवडत होती हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आईच्या मते मात्र ते त्या रडक्यानेच मोडलं.

आता मी बत्तीसची झाले. नाम दिन्ह शहरातल्या बाखने मला पसंत केलंय, तो वीजजोडणीची कामं करतो. पहिल्या महिन्याच्या बारा तारखेला त्याची माणसं आमच्याकडे येणार होती. त्याच्या आईने मला अजून पाहिलेलं नव्हतं, आणि ती नाही म्हणाली तर आपण तिच्या शब्दाबाहेर जाणार नाही, हे त्याने मला सरळ सांगून ठेवलं होतं. मला तो हवा होता. यात लाजण्यासारखं काय आहे?

नव्या वर्षाच्या सहाव्या दिवशी सकाळी आमच्या नावेचा नंबर लागला. आई नवं जाकीट घालून धक्क्यावर उभी राहिली आणि बसमधून उतरणाऱ्यांची पोटं मोजू लागली.

"थोआ, तो बघ, तो! काय पोट आहे! बायको बरोबर आहे, हातात मिठाईचा डबा आहे. सोनं आहे सोनं!"

सोनं शेजारच्या नावेत जाऊन बसलं. तिकीटवाल्याने आमच्याकडे पाठवली ती एक पंचावन्नची हाडकुळी बाई. एकटी. तोंड कच्ची चिंच चावल्यासारखं, आणि हातात टोपली, तीही रिकामी.

"नाव गळतेय," आई म्हणाली.

बाईने वाकून पाहिलं. "कोरडी ठणठणीत तर आहे."

"माणूस बसलं की गळते."

"मग इतके दिवस तुम्ही काय उभ्याने नेत होता लोकांना?"

"अहो ताई, मागच्या नावेत जा ना. तिच्यात गादीसुद्धा आहे."

बाईने आईला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि निघाली. ती दहा पावलंही गेली नसेल तोच आईने खिशातून जुनं वर्तमानपत्र काढून पेटवलं. नको ते माणूस येऊन गेलं की आमच्याकडे असाच कागद पेटवून, दृष्ट काढतात तसा ओवाळून टाकतात. चार पानं पुरतात. आईने अख्खा अंक पेटवला होता.

"चांगलं असेल ते राहू दे, वाईट असेल ते जाऊ दे!" असं म्हणत तिने नावेभोवती एक फेरा घेतला, दुसऱ्या फेऱ्याला तिचा हात भाजला आणि पेटता गोळा पडला तो थेट नावेतल्या, उतारूंना घालायच्या तरंगत्या जाकिटांवर.

मी ओरडले. आई माझ्याहून मोठ्याने ओरडली. आणि ती हाडकुळी बाई धावत परत आली, डोक्यावरची पानांची टोपी काढली, नदीत बुडवली आणि दोन टोप्या पाण्यात सगळं विझवून टाकलं.

"एवढा मोठा जाळ करतात का?" ती धापा टाकत म्हणाली. "माझं मासळीचं दुकान आहे. नुसता भाव विचारून निघून जाणाऱ्यांच्या मागे मीही रोज दोन कागद जाळते. पण माणूस कोपऱ्यावरून वळल्यावर! पाठीमागे लगेच नाही. एवढी काय मी वाईट दिसते?"

आईचा हात भाजला होता, अब्रू गेली होती, तरी ती मागे हटली नाही. "तुम्ही देवी असलात तरी नाही बसवणार! गेल्या वर्षी मी आजारी पडले, माझं लक्ष नव्हतं आणि माझ्या पोरीचं लग्न मोडलं. बारा तारखेला तिला बघायला येतायत. यंदा काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? तिला काय सांगू?" बोलता बोलता ती रडायलाच लागली. आई त्या लग्नाचं पाप स्वतःच्या तापावर घेऊन वर्षभर वावरत होती, हे मला तेव्हा कळलं. मी तिच्यावर चिडले होते, ते तसंच अर्ध्यावर राहिलं.

बाईने टोपी झटकली. "पोरीचं नाव थोआ का?"

मी हो म्हटलं.

"मी नाम दिन्हहून आले. बाखची आई. म्हटलं, बारा तारखेला सगळे नटूनथटून बसतील, त्याआधी न सांगता जाऊन घर कसं आहे ते पाहावं. वाटेत तिघांना विचारलं, तिघांनी चांगलंच सांगितलं. शेजारी दुसरं काय सांगणार?" मग ती माझ्याकडे वळली. "पाय दाखव."

मी नावेच्या काठावर बसून पाय पुढे केले. तळवे चांभाराकडच्या कातड्यासारखे झालेत. तिने अंगठ्याने दाबून पाहिले, बाजारात मासा दाबून बघतात तसे.

"पायांनी नाव चालवते म्हणाला होता, मला थाप वाटली," ती म्हणाली. "चल, दाखव चालवून." आणि तिने नावेत पाय टाकला.

तेवढ्यात आई दोन्ही हात पसरून आडवी आली.

"आई!" मी किंचाळले. "अगं, बाखची आई आहे ती!"

"विहीणबाई, मी पाया पडते तुमच्या!" आईचं नाक गळत होतं. "घरी चला, कोंबडी कापते, आठ दिवस राहा. पण पहिल्या बसू नका हो! पोरीचं वर्ष आहे!"

संपलं, मी मनात म्हटलं. आता ही टोपली उचलणार आणि नाम दिन्हची बस धरणार.

बाखच्या आईने आईचा हात हळूच बाजूला केला, ओल्या फळीवर बसली आणि टोपली मांडीवर घेतली.

"न्हामताई," ती म्हणाली, "घरच्या माणसाची भवानी धरतात का कुठे?"