न धुतलेलं भांडं

झाकण खणकलं आणि शेजारच्या काकूंच्या बैठकीत श्वास रोखून बसलेल्या पंचवीसेक बायका एकदम हलल्या. भांड्यातलं दूध घट्ट लागलं होतं.

सकाळी ते ओतताना आम्हीच पाहिलं होतं. विरजणाचा थेंब नाही. काकूंकडे उतरलेल्या दूधबाबांनी हात पाठीमागे बांधून कोमट दुधावर नुसते डोळे रोखले होते. हे दही नव्हे, माझी गोठलेली नजर आहे, असं सांगून आता ते चमच्याचमच्याने नजर वाटू लागले. जुलाब, उलट्या, मुरडा, सगळ्यावर तीच. नियम दोनच. त्यांची भांडी धुवायची नाहीत, कृपा मोरीत जाते. आणि आजाऱ्याला दुसरं काही पाजायचं नाही, कृपा पातळ होते.

माझं दहा महिन्यांचं बाळ जुलाबांनी मलूल झालं होतं. डॉक्टरांनी जलसंजीवनी, म्हणजे मीठ-साखरेचं पाणी, चालू ठेवायला बजावलं होतं. मी चमचाभर नजर घरी आणली, बाळाला भरवली आणि जलसंजीवनी बंद केली.

संध्याकाळी आत्या आली. दूध डेअरीत दही लावण्यात तिची हयात गेलेली. बाळाचे ओठ कोरडे पडले होते, रडताना डोळ्यांत टिपूस नव्हता. तिने तडक बाळाला उचलून दवाखाना गाठला, तिथे चमच्याने जलसंजीवनी पाजत बसली. बाळाला लघवी होऊन दुपटं ओलं झालं तेव्हा कुठे तिने बाबांची चौकशी केली. न धुण्याचा नियम ऐकून तिला हसूच आलं.

दुसऱ्या सकाळी तिने बाबांचीच दोन भांडी मागितली. भरल्या बैठकीत नाही म्हणायची त्यांना सोय उरली नाही. एक भांडं तिने उकळत्या पाण्याने धुऊन बाबांपुढे ठेवलं. दुसरं तसंच काकूंच्या ओट्यावर. दोन्हींत एकाच पातेल्यातलं कोमट दूध. बाबा सहा तास डोळे वटारून बसले. त्यांच्यापुढे दूध दूधच राहिलं. ओट्यावर, कुणी बघत नसताना, दही लागलं.

बाबा म्हणाले, "गरम पाण्याने कृपा दुखावली."

"म्हणजे कृपेला घासणी सोसत नाही," काकू म्हणाल्या.

आत्याने मग ओट्यावरच्या भांड्याचा काठ बोटाने खरवडून दाखवला. कालच्या दह्याची पापुद्र्याएवढी साय. तेच विरजण. त्यातले जिवाणू दूध आंबवतात. तसल्यांपैकी काही पोटात टिकले तर आतड्यात जागा अडवतात, आंबटपणा वाढवतात आणि रोगाच्या जिवाणूंना पाय रोवणं जड जातं. मदत होऊ शकते, हमी नाही. अंगातून गेलेलं पाणी मात्र दही भरून काढत नाही.

बाळाला दही जरूर द्या, पण स्वच्छ भांड्यातलं, आणि जलसंजीवनी सोडू नका. कुणी भांडं धुऊ नका म्हणालं, तर आधी तेच धुऊन पाहा.

हे सगळं मी माझ्या थोरल्या मुलीला समजावून सांगितलं. बाळाच्या पायाशी बसून तिने नीट ऐकून घेतलं.

"आई, पाणी द्यायचं असतं हे तुला माहीत होतं ना?" तिने विचारलं. "मग तू का थांबवलंस?"