जेवण्या वारा

“धावपट्टी दिसते का, मावशी?” रेडिओतून वैमानिक ग्लेबचा आवाज आला.

उस्तिन्याने बाहीने खिडकी पुसली. पुसून उपयोग नव्हता. पांढरं होतं ते काचेच्या पलीकडे.

“नाही रे. कुंपणसुद्धा दिसत नाही.”

“सव्वातीकाका विचारतायत, किनाऱ्या अजून बसलाय का.”

“बसलाय म्हणावं. पाय पसरून.”

*वायव्य. धुकं. विमान नाही.*

वायव्येच्या वाऱ्याला गावात किनाऱ्या म्हणतात. शरदात तो उपसागरात शिरला की ओल्या गोधडीसारखा अंगावर पडून राहतो. आग्नेयेचा तो जेवण्या. सकाळच्या जेवणाच्या वेळी सूर्य असतो, त्या दिशेचा. तो आला की आभाळ घासूनपुसून लख्ख. गावाला रस्ता नाही, विमान आहे. पट्टीवरच्या खोलीत बसून या दोघांच्या चहाड्या शहराला सांगण्यात उस्तिन्याचा जन्म गेला.

आता तिकडे, शहराच्या इस्पितळात, तिचा नवरा सव्वाती होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. त्याचं मागणं एकच: आपल्या घरी, आपल्या भट्टीच्या उबेत डोळे मिटायचे. ग्लेब आणायला तयार होता. जेवण्या येत नव्हता.

“नुसतं ‘दिसतं’ म्हण ना गं,” शेजारची कापितोलिना म्हणाली. “जन्मभर खरं बोललीस, एकदा खोटं बोल.”

“आणि ते पोर देवळाच्या घुमटावर आदळलं तर?”

कापितोलिनाने खिशातून चाकू आणि एक काठी काढली.

“चल. टकले मोजू.”

*वायव्य. धुकं. दोन म्हाताऱ्या ओहोटीच्या चिखलाशी.*

वारा फिरवायचा तर नवाच्या तिप्पट टकले आठवायचे, प्रत्येकाच्या नावाने खाच पाडायची, काठी डोक्यावरून मागे समुद्रात टाकायची. आज्या करायच्या. नियम एकच: टकला जिवंत हवा.

“लुका दुकानदार.” खाच.

“मास्तर.”

“तो म्हणतो, कपाळ मोठं आहे.”

“मानेपर्यंत कपाळ?” खाच.

“पोस्टवाला?”

“टोपी काढेल तर कळेल ना मेल्याचं!”

“धर गं. देवाला सगळं दिसतं.” खाच.

पूर्वी एका लग्नाच्या पंगतीत पुरेसे टकले मिळत. आता टकले शहरात गेले, केसाळही गेले. दोघी मनानेच पलीकडच्या गावात शिरल्या, बोटींवर चढल्या, जावई धुंडाळले. शेवटी एक कमी पडला.

“अगं, तुझा सव्वाती!” कापितोलिना ओरडली. “अंडं बरं त्याच्यापेक्षा!”

उस्तिन्याला तो पहिल्यापासून आठवत होता. नाव घ्यायला जीभ उचलत नव्हती. नियम जिवंतांचा. खाच पाडली आणि चुकली, तर?

तिने चाकू हातात घेतला. “आत्ताच तर वाऱ्याचं विचारत होता,” ती स्वतःशीच म्हणाली आणि खोल खाच पाडली.

“किनाऱ्या, पुरे झालं, जा. जेवण्या, पान वाढलंय, ये.”

काठी डोक्यावरून गेली आणि चिखलात थप्पकन पडली.

“ओहोटी आहे गं,” कापितोलिना म्हणाली.

“भरती नेईल.”

*आग्नेय.*

सकाळी क्षितिजापर्यंत पाणी निळं होतं. उस्तिन्याने भट्टी पेटवली, पलंगावर धुतलेली चादर घातली, माशाचा रोट भाजायला ठेवला आणि धापा टाकत पट्टीवर आली.

“ग्लेब! जेवण्या आला रे! म्हणावं त्याला, पान वाढलंय!”

रेडिओ खरखरला.

“मावशी… नियमाने कळवतो.” ग्लेब म्हणाला. “प्रवासी नाही. माल एक.”

शहरातून येणारं पीठ माल, मोटार माल, खिळे ठोकलेली लांब पेटीही माल. हे तिला कुणी समजावायची गरज नव्हती. किती तरी जणांच्या दारी तिनेच हा निरोप नेला होता.

आता पट्टीचं सांगायचं होतं. ती सांगेपर्यंत विमान उडत नाही.

“वारा आग्नेय,” ती म्हणाली. “पट्टी कोरडी. उतरायला हरकत नाही.”

मग बटण न सोडता, हळू आवाजात:

“ग्लेब, डोक्यावर टोपी आहे ना रे त्याच्या? वर गार लागतं त्याला.”

“आहे, मावशी. माझी घातलीय.”

ती बाहेर येऊन उभी राहिली. विमान आलं तेव्हा अगदी ठिपक्याएवढं असल्यापासून दिसलं. इतकं स्वच्छ होतं.