बादशहाला विचारायचा प्रश्न

थेक्लाचा सासरा वेन्झेल याने जन्मभर व्हिएन्नाच्या वीटभट्टीवर चिखल तुडवला आणि म्हातारपणी त्याला आपले पाय बादशहाकडून धुऊन घ्यायचे होते. हे खूळ नव्हतं, रीतच होती. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी बादशहा शहरातल्या बारा गरीब म्हाताऱ्यांना राजवाड्यात बोलवी, स्वतः वाढी आणि गुडघे टेकून त्यांचे पाय धुई. सोयरिकी जुळवून आणि फौजा पाठवून ज्या घराण्यानं शतकानुशतकं निम्मा युरोप मुठीत ठेवला, ते वर्षातून एकदा एवढं वाकायचं. अर्थात बादशहाच्या हाताला मळ लागू नये म्हणून घरच्या बायका ते पाय आदल्या दिवशीच घासून काढत.

लढाई संपली की तुमची पाळी, असं पाद्रीबाबांनी वेन्झेलला सांगितलं होतं. लढाई संपली, पण तिच्यासोबत बादशाहीही गेली. गेल्याच महिन्यात बादशहा बायकामुलांना घेऊन आगगाडीनं स्वित्झर्लंडला निघून गेला. वेन्झेलला हे ठाऊक होतं. तरी बुधवारी तो म्हणाला, "थेक्ला, पाणी तापव गं. उद्या गुरुवार."

थेक्लाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात जळण नाही, पाव म्हणजे निम्मा भुसा, आणि याला राजाचे लाड हवेत!

"कोण धुणार पाय, मामंजी? तो पळाला. आता त्या वाड्यातलं कुत्रंसुद्धा तुम्हाला विचारायचं नाही."

"घराणं आहे ते, भाडेकरू नाही. येईल परत."

"तुमचा मुलगा नेला त्यानं! त्याच्या हातचं पाणी पायावर घ्यायची एवढी हौस?"

म्हातारा आपल्या भेगाळलेल्या टाचा चोळू लागला.

"हौस कसली, पोरी. एरवी तो बग्गीत, आपण रस्त्यावर. त्या दिवशी तो खाली असतो आणि मी वर. तेवढ्यात वाकून विचारणार होतो, माझा लोइस कुठं पुरलास रे? शिपाई त्याचा, त्याला ठाऊक असणारच. किती दिवस घोकतोय. फक्त आधी 'महाराज' म्हणावं का, ते ठरत नाही."

थेक्लाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस ती सासऱ्याला मनातल्या मनात लाळघोट्या म्हणत आली होती. आणि लोइसचं, आपल्या नवऱ्याचं, काय झालं ते तिला माहीत होतं. त्याच्यासोबत लढलेला कायेटान कुबड्या घेऊन धुण्याच्या जागी येऊन सांगून गेला होता. इटलीच्या सरहद्दीवर शत्रूनं सुरुंग लावून डोंगराचं टोकच उडवलं, लोइस त्या टोकावर होता. पुरायला काही उरलं नव्हतं. म्हाताऱ्याला मात्र ती "बेपत्ता म्हणजे मेला असं नव्हे" हेच सांगत राहिली. त्याचा त्यावर विश्वास नव्हता, हे तिला आज कळलं.

गुरुवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर शहरातल्या चर्चच्या घंटा रीतीप्रमाणे ईस्टरपर्यंत मुक्या झाल्या. थेक्लानं लोइसची खुर्ची फोडून पाणी तापवलं. म्हाताऱ्याला पलंगाच्या कडेला बसवलं आणि ती खाली गुडघ्यांवर बसली.

"विचारा."

"तुला काय विचारू? येडी कुठली."

"विचारा तर खरं, मामंजी."

त्यानं घसा साफ केला. 'महाराज' म्हणाला नाही. "माझा लोइस कुठं आहे?"

तिनं त्याचा पाय हातात धरून सगळं सांगितलं. डोंगराचं, सुरुंगाचं, कायेटानचं. आपण लपवलं तेही. मान वर करायची तिची छाती झाली नाही.

"म्हणजे बादशहालाही ठाऊक नसतं," म्हातारा हळूच म्हणाला.

"नसतं, मामंजी."

"मी विचारलं असतं, त्यानं पाय पुसले असते आणि पुढच्या म्हाताऱ्याकडे सरकला असता."

असं म्हणून त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच तो हंबरडा फोडून रडला.