रंजीताचं उष्टं

मित्रांनो, काठ चेपलेली, पाठीवर ‘कै. देवराव यांच्या स्मरणार्थ’ असं कोरलेली स्टीलची ताटली इटलीत कुठे दिसलीच, तर ती मी. देवराव कोण, मला ठाऊक नाही. त्यांच्या मुलाने भद्रावतीला आमचा गठ्ठा विकत घेतला आणि चंद्रपूरच्या एका बालगृहाला दिला, एवढीच आमची ओळख.

बालगृहात ज्याचं ताट आधी रिकामं, त्याला भात आधी. त्यामुळे रंजीता जेवत नसे, शर्यत लावत असे. शिवाय एक पोळी गुपचूप फ्रॉकमध्ये जायची. मला ती अशी चाटायची, की माजरीहून येणाऱ्या आया गुणाबाई मला नुसतं पाणी दाखवून मांडणीवर ठेवायच्या.

सहाव्या वर्षी तिला लुचिया आणि पाओलो या इटलीच्या जोडप्याने दत्तक घेतलं. निघताना ती मला सोडेना, म्हणून विमानात मीही बसले. तिथे त्या दोघांनी माझ्या पाठीवरची अक्षरं कुणाकडून तरी वाचून घेतली आणि देवरावांना तिचे आजोबा समजून माझ्याशेजारी मेणबत्ती लावली. मी काय बोलणार?

रंजीता वाढतील तेवढं खायची. ‘गुणी पोर’ म्हणून ते आणखी वाढायचे. शेवटी पोर ओकली. मग तिच्या उशीच्या अभ्र्यात बुरशी आलेला पाव सापडला. लुचियाने तो फेकला, तर रंजीताने घर डोक्यावर घेतलं.

तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, “तिच्या उशाशी खाऊचा डबा ठेवा. कायम भरलेला. किती संपला, विचारू नका. वेळ लागेल, माझ्याकडे येत राहा.”

लुचियाने हे फोनवर बालगृहाच्या साधना मॅडमना कळवलं. त्यांनी ते गुणाबाईंना सांगितलं, तर त्या भडकल्या. “काऊन जी मॅडम, म्या वळण लावलं नाई का पोरीले? अन्नाचा कण टाकत नोती! डबा भरून ठेवते म्हने! बिघडन ना पोरगी!”

“ते वळण नव्हतं गुणाबाई. उद्या मिळेल की नाही, ही भीती होती.”

त्या दिवशी गुणाबाईंनी पंगतीत न मागता सगळ्यांना आणखी एकेक पोळी वाढली. हे असं नवल कधी घडलं नव्हतं.

डबा भरत राहिला. आधी रोज सकाळी रिकामा असायचा, मग अर्धा. मध्येच पुन्हा रिकामा. लुचिया न कंटाळता भरायची, बाईंकडे जात राहायची. अशी काही वर्षं गेली.

आणि परवा रंजीताने माझ्यावर वांग्याच्या फोडी तशाच ठेवल्या. “नको. आवडत नाही,” म्हणाली आणि खेळायला पळाली. पाओलो खुर्चीवरून उठलाच. लुचियाने रडत रडत त्या फोडींचा फोटो काढला.

फोटो चंद्रपूरला पोचला. गुणाबाईंनी तो मोबाइलमध्ये घेतला आणि एसटीत थेट कंडक्टरपुढे धरला. “पाहा ना भाऊ! आमच्या रंजीतानं ताटात टाकलं!”

“मंग बाई, रागवा ना तिले.”

“रागवतो काऊन? पोरीचं पोट भरलं ना बापा!”

मित्रांनो, ताटलीने शेवटी ‘पानात टाकू नका’ असं सांगायचं असतं. तुम्ही टाकूच नका. पण तुमच्या पंगतीत अशी एखादी रंजीता असली आणि तिने वांगं सोडलं, तर डोळे वटारू नका. फक्त विचारा, “उद्या काय करू गं तुझ्यासाठी?”