मागून म्हणणारा

“पुन्हा,” दीघनाग थेर म्हणाले. “पहिल्यापासून.”

दोघेही लेण्यापुढच्या वाळूवर उताणे पडले होते, डोक्याला डोकं लावून. बसून पठण करण्याचं बळ केव्हाच सरलं होतं. ऊन चढून वाळू तापली की उत्तिय ती ओंजळीने थेरांच्या पोटावर लोटी, मग स्वतःच्या. त्या उबदार ओझ्याखाली भूक थोडा वेळ गप्प पडून राही, जशी थोपटल्यावर एखादी आजारी पोर पडून राहते.

“म्हणतो, भंते. तुम्ही उचला.”

“मी उचलायचं आणि तू ओढायचं. जन्मभर हेच चाललंय. अरे, मी मेल्यावर कोण उचलून देणार तुला?”

“तुम्ही कसले मरताय, भंते? तुम्हाला तर कूस बदलायचाही कंटाळा.”

थेर हसले. हसण्याला लागणारा श्वास त्यांच्यापाशी उरला नव्हता. म्हणून ते हसू ऐकू आलं नाही, फक्त पोटावरची वाळू थोडी घसरली.

उत्तिय चटया विणणाऱ्यांच्या घरातला. भिक्षू झाला तेव्हापासून त्याची जागा थेरांच्या, या वडीलधाऱ्या भिक्षूंच्या, शेजारी आणि त्यांच्या मागे. लिहून ठेवण्याची रीत त्या बेटावर तेव्हा नव्हती. धम्म होता तो माणसांच्या कंठात, आणि एका कंठातून दुसऱ्या कंठात तो नेताना एकाने पुढे म्हणायचं, दुसऱ्याने मागून. उत्तिय आयुष्यभर मागून म्हणत आला. त्याला पहिला शब्द कधी आठवत नसे; दुसरा मात्र तो कधी विसरत नसे. कोणी एक ओळ उचलून दिली, की तिच्यामागून सगळं सुत्त उलगडत येई, चटईचा एक दोर हाती आल्यावर सगळी वीण हाती यावी तसं. असं माणूस उपयोगाचं असतं, पण त्याचं नाव कोणी घेत नाही. उत्तियाला त्याचं वाईट वाटल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

पाऊस सलग काही वर्षं बुडाला, तेव्हा इथले बहुतेक भिक्षू समुद्रापलीकडे जंबुद्वीपाला निघाले. थेरांना चालवत नव्हतं. ते राहिले, आणि ते राहिले म्हणून उत्तिय राहिला. नंतर नावा लागतात त्या घाटाकडून आलेल्या एका वाटसरूने बातमी सांगितली, की गेलेल्यांपैकी जे दोघे सुत्तांचा शेवटचा वर्ग जाणत होते, ते नावेत चढण्याआधीच वारले. तो वर्ग आता सगळ्या बेटावर दीघनाग थेरांच्या एकट्या कंठात होता. एका मरणाऱ्या गृहपतीच्या उशाशी बसून त्याला काय सांगितलं गेलं, ते त्यात होतं. मरणाऱ्याशी काय बोलावं, हे त्या वर्गाशिवाय कोणाला कळणार नव्हतं.

थेरांनी पहिली ओळ उचलली. उत्तियाने ती ओढली. ऊन डोक्यावर आलं. डोळ्याला सोड, गृहपती, जे दिसलं त्यालाही सोड. कानाला सोड, जे ऐकलं त्यालाही सोड. खालच्या आटलेल्या तळ्यात चिखलाच्या खपल्या उन्हाने वाजत होत्या. वर्ग शेवटापर्यंत गेला, पुन्हा सुरू झाला. थेर आज किती न अडखळता म्हणताहेत, असं उत्तियाला वाटलं. ओळींच्या मध्ये ते श्वाससुद्धा घेत नव्हते. कौतुकाने त्याने मान वळवली.

थेरांचे ओठ मिटलेले होते. ओठांच्या कडेने माश्या बसल्या होत्या, स्वस्थ, उठण्याची घाई नसल्यासारख्या. पोटावरची वाळू हलत नव्हती.

आणि आवाज पुढची ओळ म्हणत होता.

उत्तियाला जे करता येत होतं तेच त्याने केलं. तो मागून म्हणाला.

*

मित्ता नावाची एक म्हातारी विधवा तेवढी गावात उरली होती. तळ्याच्या चिखलातून कमळाचे गड्डे उकरून ती जगत होती, आणि अधूनमधून त्यातले उकडलेले चार घेऊन लेण्याचा चढ चढत होती. थेर जाऊन आठवडाभर लोटला असेल, तेव्हा ती आली. पायरीवर बसून तिने धाप टाकली.

“दोघांपुरतं आणलंय, भंते. कमी वाटलं तर तळ्याला बोल लावा, मला नको. सून पळाली, गाव पांगलं, मी एकटी म्हशीसारखी चिखलात रुतून बसलेय.”

“एकाचंच ठेव, उपासिके. थेर गेले.”

“कधी?”

“मागच्या अमावास्येच्या आधी.”

तिने द्रोण खाली ठेवला. लेण्याच्या आत पाहिलं, मग बाहेरच्या वाळूकडे.

“मग आत्ता पुढं कोण म्हणत होतं?”

उत्तियाने द्रोण सावलीत सरकवला.

“मला नका फसवू. चढताना दोन आवाज ऐकले मी. मागचा तुमचा, तो मी झोपेतही ओळखेन, करडासारखा. पुढचा त्यांचा.” तिने पदर तोंडाशी धरला, पण डोळे भ्याले नव्हते. “तहान लागलीय त्यांना. ऐकलंत का घसा कसा झालाय? कोंडा अडकल्यासारखा.”

उत्तियाने ऐकलं होतं. रोज दुपारी, ऊन डोक्यावर आलं की आवाज येई. वाळूतून नाही, लेण्यातून नाही, डोक्याला डोकं लावल्यावर जिथून यायचा तिथूनच. पहिल्या दिवशी तो स्वच्छ होता. मग दिवसागणिक तो सुकत चालला. ओळींच्या मध्ये आता गिळल्याचा आवाज होई, आणि गिळायला काही नसे. उत्तियाने गाळून ठेवलेल्या पाण्यातलं अर्धं एकदा तिथे वाळूवर ओतलं होतं. पाणी जिरलं, पण वाळूचा रंग बदलला नाही. “भंते, आणखी देऊ?” त्याने विचारलं होतं. उत्तरादाखल फक्त पुढची ओळ आली. वर्गाबाहेरचा एकही शब्द तो आवाज कधी बोलला नाही.

“माझा नवरा गेला, तेव्हा तो असाच चुलीपाशी खाकरायचा,” मित्ता म्हणाली. “तुम्हीच दोघं आलात, दान घेतलंत, पुण्य त्याच्या नावे केलंत. दुसऱ्या दिवशी चूल गप्प. तसंच करू. हे दान मी तुम्हाला देते, पुण्य त्यांना पोचू दे. म्हणा तुमचे ते शब्द.”

ते शब्द प्रत्येक भिक्षूला येतात. ते उचलून द्यायला कोणी लागत नाही. उत्तियाने द्रोण हातात घेतला. शब्द ओठांशी आले. रोज पहाटे तो एकटा बसून वर्गाची पहिली ओळ शोधत असे, आणि रोज त्याच्यापुढे एक गुळगुळीत, कोरा कातळ उभा राही. दुपारी आवाज आला की मगच त्याला वाट सापडे. थेर आज सुटले, तर वर्ग आजच संपत होता. पलीकडे गेलेले परत येईपर्यंत तो कोणाच्या कंठात ठेवायचा?

“आज नको, उपासिके.”

“का?”

“त्यांचं काम राहिलंय.”

मित्ता उठली. गुडघ्यांवर हात देऊन तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

“त्यांचं, का तुमचं?” एवढं म्हणून ती उतरून गेली.

ती गेल्यावर त्याने गड्डे खाल्ले आणि डोकं पुन्हा वाळूला टेकलं. आवाज आला. खाल्लेल्या अन्नाचा ओलावा उत्तियाच्या जिभेवर होता, आणि त्याच्या शेजारी, केसभर अंतरावर, ती दुसरी जीभ टाळूला चिकटून सुटत होती.

*

पाऊस पुन्हा पडला, तळं भरलं, मित्ताच्या घराशेजारी आणखी दोन-तीन घरांतून धूर निघू लागला. मग पलीकडे गेलेले परतले. खाऱ्या वाऱ्याने ओठ फुटलेले, पाय सुजलेले ते मूठभर भिक्षू यसदत्त थेरांच्या मागून चढ चढले आणि लेण्यापुढे उभे राहून आत-बाहेर पाहत राहिले. ज्यांना शोधत होते त्यांपैकी एकटा उत्तिय समोर होता.

“एक अक्षर हरवू दिलं नाही आम्ही,” यसदत्त थेर शेवटी म्हणाले. “जंबुद्वीपातल्या भिक्षूंशी ताडून पाहिलं. फक्त तेवढा एक वर्ग त्यांच्याकडेही नाही. तुझ्याकडे आहे म्हणतात.”

“माझ्याकडे म्हणजे… दुपारी असतो, भंते.”

“दुपारी असतो? सदावर्त आहे का ते?” कोणीतरी मागून म्हणालं, आणि ते थकलेले चेहरे पहिल्यांदा हसले.

दुपारी सगळे बसले. उत्तिय म्हणू लागला, ते त्याच्या मागून म्हणू लागले. आपल्या मागे कोणी असण्याची त्याला सवय नव्हती. पाठीवर ऊन पडावं तसं त्याला अवघडल्यासारखं झालं. असे दिवस गेले. वर्ग हळूहळू नव्या कंठांत उतरू लागला. पण पुढचा आवाज आता आवाज उरला नव्हता. सुकलेली पानं कोणी मुठीत चुरडावीत तसं काही ऐकू येई, आणि त्या चुऱ्यातून उत्तिय एकेक शब्द वेचून घेई. बाकीच्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त यसदत्त थेर त्याच्याकडे बघत राहायचे.

एका संध्याकाळी ते त्याच्याजवळ येऊन बसले.

“तू ओळ म्हणण्याआधी थांबतोस. डावीकडे कान देतोस. कोणाच्या मागून म्हणतोस, उत्तिया?”

उत्तियाने सांगितलं. माश्यांपासून सगळं सांगितलं. यसदत्त थेर ऐकत असताना त्यांचा हात चीवराच्या काठावर घट्ट झाला होता.

“तिथे कोणी नाही,” ते म्हणाले. “आपण हेच तर शिकलो. दिव्यावर दिवा लावला, पहिला विझला. पहिली ज्योत शोधायची कुठे?”

“कोणी नाही, भंते. पण तहान आहे.”

यसदत्त थेरांनी चीवराचा काठ सोडला.

“शेवटचं कडवं अजून आमच्यात बसलेलं नाही. दोन ठिकाणी अडखळतं. उद्या एकदा घेऊ. एकदाच. मग त्यांना जाऊ दे.”

“उद्या त्यांना आणखी एकदा ओढू?”

“त्याच्यावर किती माणसांचं मरण अवलंबून आहे, कळतंय ना तुला? कोणाच्या उशाशी बसून मग आपण काय सांगणार?”

“कळतंय. म्हणून तर इतके दिवस धरून ठेवलं.” उत्तियाचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता. “तुम्ही उद्या शिका, भंते. मी म्हणेन. पण त्यांच्या मागून नाही. त्यांना म्हणेन.”

“त्यांना?”

“मरणाऱ्याला सांगायचा वर्ग तो. ते मरत होते, तेव्हा ते स्वतःच म्हणत होते. त्यांना कोणी सांगितलाच नाही.”

“आणि पहिला शब्द? तो येईल तुला?”

“माहीत नाही.”

*

सकाळी मित्ताने सगळ्यांना पेज वाढली. नव्या तांदळाची होती, तिच्यावर मिठाचे खडे. वाढून झाल्यावर तिने हात जोडले आणि उत्तियाकडे पाहिलं. “आज तरी, भंते?” त्याने ते शब्द उच्चारले, पुण्य थेरांच्या नावे केलं. भिक्षूंनी साधुकार दिला. मित्ता रिकामं भांडं घेऊन बाजूला बसली, आणि आपल्याकडे कोणी पाहत नाही असं समजून नाक पुसत राहिली.

उत्तिय दुपारची वाट पाहत थांबला नाही. तो वाळूपाशी गेला. आडवा न होता मांडी घालून बसला, माणूस एखाद्याच्या उशाशी बसतो तसा. बाकीचे त्याच्या मागे बसले. ऊन अजून कोवळं होतं. समोर वाळू होती, सपाट.

पहिला शब्द त्याने आठवायचा प्रयत्न केला नाही. त्याने मनात थेरांना पाहिलं. ते तिथे आडवे झाले होते. जे होतं ते त्याने सांगितलं: “गृहपती आडवा झाला होता.”

मागे कोणीतरी श्वास आत ओढला. उत्तिय पुढे म्हणत गेला. दुसऱ्या ओळीला तो आवाज आला, चुरडलेल्या पानांचा, घाईघाईने, नेहमीच्या जागी पोचायला उशीर झाल्यासारखा. पण नेहमीची जागा पुढे निघून गेली होती. आवाज उत्तियाच्या मागून म्हणू लागला. आधी अर्ध्या मात्रेने मागे. मग एका शब्दाने. डोळ्याला सोड. कानाला सोड. जिभेला सोड, जे चाखलं त्याला सोड, जे चाखायचं राहिलं त्यालाही सोड. इथे आवाज थबकला. उत्तियाला वाटलं, थांबावं. जन्मभर ज्यांच्या मागून आलो त्यांना मागे टाकून कसं जायचं? तो थांबला नाही. पुढची ओळ त्याने अधिक हळू, अधिक जवळून म्हटली. मागे बऱ्याच अंतरावर काहीतरी एकदा गिळल्यासारखं झालं, आणि मग तळ्यावरून नुसता वारा येत राहिला.

शेवटचं कडवं आलं. त्याच्या मध्यावर उत्तियाला पुढचा शब्द सुचला नाही. त्याने डावीकडे कान दिला. तिथे काही नव्हतं. तो कातळ, गुळगुळीत, कोरा, त्याच्यासमोर उभा राहिला.

यसदत्त थेर पुढे सरकले. एका ओळीत ते अडखळले, मागे गेले, आणि पुन्हा येऊन तो शब्द त्यांनी उत्तियाच्या कानाशी हलकेच ठेवला.

उत्तियाने तो घेतला आणि त्यांच्या मागून म्हणू लागला. यसदत्त थेरांच्या श्वासाला सकाळच्या पेजेचा वास होता.